उलटा चमचा

परदेशीपुरा, इंदूर
ता. ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

शेवंतास थोरलीचा जय भीम.

इकडे सगळं ठीक. तुझंही ठीक असेल असं धरून चालते, कारण तुझ्याकडचं काही कळायची सोयच उरलेली नाही.

अक्षराला हसू नको. चौथीपर्यंत जे गिरवलं ते पोरांच्या शाळेत सह्या करण्यातच संपलं. तुझं अक्षर तरी कुठे मोत्यांचं आहे. फोनवर बोलावं तर तुझे कान मिलच्या साच्यांच्या खडखडाटाने खाल्ले. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो, परवाच आली. म्हणून तर आपण ते मिस्ड कॉलचं ठरवलं होतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी एक रिंग द्यायची, तुझ्या फोनचा दिवा लागायचा, तू एक रिंग परत द्यायची. बोलणं नाही, ऐकणं नाही, फक्त 'आहे' एवढंच. तू राऊ गावात लेकाकडे राहायला गेलीस तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. आणि आता संक्रांत झाली तशी मी रोज रिंग देते आणि तिकडून काही नाही.

चांगदेवाला विचारलं. शनिवारी दुकानाचा माल घ्यायला आला तेव्हा नेहमीसारखा तुझा डबा ठेवला, माझा डबा उचलला. म्हटलं, आई कशी आहे? म्हणाला, "बरी आहे, मोठी आई." तुझा पोरगा गुणी आहे गं, पण उद्या तू मेलीस तरी तो स्कूटर चालू करता करता "बरी आहे" म्हणेल.

म्हणून हे पत्र डब्यात घालते आहे, पोळ्यांच्या खाली. तेलाचा डाग पडला तर पडला.

आता डब्यावरूनच बोलते. मागच्या महिन्यात तुझी वांग्याची भाजी आली. ठेचलेला लसूण तुझा, तिखटाचा हात तुझा, पण मीठ दोनदा पडलेलं. बुद्धरत्नाने पहिला घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला. मी म्हटलं, गप खा, काकूने पाठवलंय. मग मी खाल्ली, तर माझंही तोंड तसंच झालं. पण ते मी त्याला दाखवलं नाही. पुढच्या शनिवारी भाजी आली ती तुझी नव्हतीच. टमाटर घातलेली, वर कोथिंबीर सजवलेली, हॉटेलसारखी. शिखाच्या हातची. तुझी सून वाईट करत नाही. पण मला ती नको होती. त्यानंतर सगळे डबे तसलेच.

म्हणजे बघ कसं झालंय. डबा येतो तेव्हा वाटतं, आहेस. रिंग येत नाही तेव्हा वाटतं, नाहीस. मी कोणाचं खरं धरू?

पंचू म्हणते तिच्या कामात सध्या हेच दुखणं आहे. आपली पंचशीला आता निम्मे दिवस घरूनच काम करते. पुढच्या खोलीत माझ्या पलंगावर मांडी घालून बसते, मांडीवर लॅपटॉप, कानात बोळे. बाप विचारतो जेवतेस का, तर बोट वर करते, थांब म्हणून. मला राहवेना. म्हटलं, दिवसभर करतेस तरी काय? तिने सांगितलं. तू ऐक, म्हणजे ही पोरगी का वाळत चालली आहे ते तुलाही कळेल.

एक मोठा दवाखाना आहे. त्याचे एक्स-रे, रिपोर्ट, सगळं एका मोठ्या पेटीत साठवलेलं. कागदाची पेटी नव्हे, कंप्युटरची. त्या पेटीवर दोन मशीनं काम करतात, सर्व्हर म्हणतात त्यांना. दोन्ही एकाच वेळी त्याच पेटीत ठेवतात आणि काढतात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं, पेशंटला पत्ताही लागता कामा नये. म्हटलं यात नवीन काय, एक कोठी आणि दोन जावा.

"हओ आजी, बिलकुल तेच," म्हणाली. "आता सांग, दोन जावांनी एकदम एकाच पातेल्यात हात घातला तर?"

मला आपला चमचा आठवला. तिला सांगत बसले. ह्यांची पहिली पाळी, भाऊजींची दुसरी, तू स्वतः मिलमध्ये, मी पापड लाटायला. वरणाचं पातेलं एक, आणि चुलीपाशी कोण कधी येईल त्याचा नेम नाही. नवीन नवीन होतो तेव्हा वरण कितीदा खारट झालं! मी म्हणायची हिने टाकलं, तू म्हणायचीस तिने टाकलं, आणि मधे दोघे भाऊ पाणी पीत बसलेले. मग सासूबाईंनी मिठाच्या बरणीवर तो पितळी चमचा ठेवला. मीठ पडलं की चमचा उलटा. पातेलं घासलं की सुलटा. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं बघायचं. त्या चमच्याने आपल्या दोघींची तोंडं जेवढी बंद ठेवली तेवढी सासूबाईंनाही जमली नाही.

पंचू पलंगावरून पडायचीच बाकी होती. "आजी, हे तर लॉक आहे! आमची जी फाइल सिस्टिम आहे ना, दोघांत मिळून वापरायची, ती हेच करते. ज्याने हात घातला त्याने खूण ठेवायची, दुसऱ्याने खूण बघून थांबायचं."

मग म्हटलं झंझट कसली? तर ती अशी. खुणा सांभाळणारी व्यवस्था एकांनी बनवलेली. आणि कोण चालू आहे, कोण बंद पडलंय हे बघून काम उचलायला लावणारी व्यवस्था दुसऱ्यांनी बनवलेली. दोघी आपापली हजेरी वेगळी घेतात, वेगळ्या वाटेने. पंचूने तपासायला म्हणून दोन मशीनांमधली वायर मुद्दाम काढली. तर एक व्यवस्था म्हणाली पलीकडचं चालू आहे, दुसरी म्हणाली गेलं. मग चालू मशीनच्या हातातलंच काम दुसऱ्याने उचललं, दोघांनी एकदम लिहिलं, आणि एकाच्या छातीचा फोटो दुसऱ्याच्या नावावर. खोट्या पेशंटांवर करून बघत होती म्हणून निभावलं. आता दोघींची हजेरी एक करायची आहे, मार्चच्या आत.

आणि सगळ्यात वाईट पुढेच आहे. ज्या मशीनचा आवाज येईनासा होतो त्याची लाईट कापतात.

म्हटलं, अगं, आणि ते जिवंत असलं तर?

"जिवंत असलं तरच जास्त भीती, आजी. बंद पडलेलं मशीन काही बिघडवत नाही. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही पण हात चालू आहेत, ते बिघडवतं. म्हणून आधी त्याला बाहेर काढायचं, मगच त्याची जागा घ्यायची."

मला इतका राग आला की तिच्या चहात साखर घातली नाही.

राग का आला ते सांगते. तुझी मागची खोली. कुलूप लावून गेलीस ती. बुद्धरत्न परवा सुताराला घेऊन आला, बाहेरून बाहेरूनच मापं घेतली. पंचूला बसून काम करायला जागा हवी, हे काही खोटं नाही, पलंगावर तिची पाठ मोडते. मला म्हणतो, "आई, काकू आता काय येणार? किल्ली मागव, नाही तर कुलूप तोडू." मी म्हटलं, काकूने सांगितलंय का येणार नाही म्हणून? मापांचा कागद खिशात घातला. पण किती दिवस खिशात राहील.

तर कळव. येणार आहेस की नाही. मला काय, दोन्ही चालतं. यायचं असेल तर खोली झाडावी लागेल, म्हणून विचारते.

गुडघा तसाच आहे. कचऱ्याच्या गाडीवर नवीन माणूस आलाय. ओला-सुका वेगळा नसला की तो माझ्यावर ओरडतो, मी त्याच्यावर. सकाळी तेवढंच बोलणं होतं.

रिंग दे.

मंजुळा


परदेशीपुरा
ता. २८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवंता,

चिठ्ठी मिळाली. कॅलेंडरचं पान फाडून लिहिलीस ते बरं केलंस, जानेवारी तसाही संपला होता. पण इतकं बारीक कशाला लिहायचं? पंचूचा चष्मा लावून वाचली.

तू लिहिलंस, मीठ तूच टाकलं. शिखाने आधी टाकलं होतं आणि तुला सांगितलंही होतं, पण तुझी पाठ होती, वर मिक्सर चालू. तिच्या माहेरचे पाहुणे ताटावर होते, त्यांनी घास खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ती चांगल्या तोंडाने म्हणाली, आई, तुम्ही आता आराम करा. तेव्हापासून तू स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाहीस. आणि फोन तिथल्याच खिडकीत असतो.

म्हणजे मी रोज सकाळी खिडकीला रिंग देत होते.

आणि खाली शेवटी लिहिलंस, मी खोलीत येऊ का. पुढे प्रश्नाची खूणसुद्धा नाही. तुझ्या घरात यायला तू मला विचारतेस! हे वाचून आधी मला तुलाच दोन द्याव्याशा वाटल्या.

मग उठले आणि तुझ्या दारासमोरची फरशी धुतली. गुडघ्यावर बसून. बुद्धरत्न म्हणाला, "आई, हे काय?" म्हटलं, सुताराला सांग, काम नाही. तो म्हणाला, "तुमचं दोघींचं काय ते एकदा ठरवा बाबा." मी कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, ये. एवढंच. पुढच्या शनिवारी डब्यात घालायचं म्हणून मिठाच्या बरणीखाली ठेवून दिला. त्या दिवशी जिन्यावरून चढता उतरता मी विचार करत होते, तुझ्या खाटेला भिंतीकडची बाजू लागते की दाराकडची. दाराकडची. तुला रस्ता दिसायला लागतो.

हे झालं गेल्या शनिवारचं. आता कालचं सांगते.

दुपारी पंचू एकदम ओरडली, "आजी, झालं!" मला वाटलं लग्नाचं काही. पण तिचं मशीनच. तिने दोन्ही व्यवस्थांची हजेरी एक केली. आता कोण आहे, कोण नाही, हे एकच जण सांगणार आणि दुसरी तेच खरं मानणार. पुन्हा वायर काढून बघितली. ज्याचा आवाज बंद झाला त्याची लाईट लगेच कापली गेली, दुसऱ्याने काम उचललं, आणि सगळे फोटो ज्याच्या त्याच्या नावावर. मला कुठला आनंद! म्हटलं, मग त्या कापलेल्याचं काय केलं? भंगारात?

"भंगारात कशाला? त्याचा काय दोष? वायर निघाली होती. वायर लावली, परत चालू केलं, हजेरीत घेतलं, कुठली खूण कोणाची ते त्याला दाखवलं. बघ, लागलंय कामाला."

मी भाजी निवडत होते. निवडायची राहिली.

शेवंते, शिखाचा दोष नाही गं. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुला माहीत आहे. तिचा दोष असता तर किती बरं झालं असतं. मी राऊला येऊन तुझ्या फ्लॅटच्या खाली उभी राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलले असते, आणि तुझी गाठोडी उचलून रिक्षात घातली असती. पण तिने सांगितलं होतं. तुला ऐकू आलं नाही. निघाली ती वायर.

आणि तू आत्ता आलीस तर कापलेली येशील. मला ती शेवंता नको. ती दाराकडे नाही, भिंतीकडे तोंड करून बसेल. मी दोन पोळ्या वाढल्या तर एक पुरे म्हणेल. अशी बाई मी घेऊन काय करू? माझी जाऊ तिसरी पोळी मागून घ्यायची आणि वर म्हणायची, जाड लाटलीत बाई.

पंचूने आणखी एक सांगितलं. दोनच मशीनं असली की वायर निघाल्यावर दोघंही म्हणतात मीच खरं. म्हणून तिसरं एक लहानसं मशीन बाजूला ठेवतात. ते काम काही करत नाही. नुसतं कोणाच्या बाजूने ते सांगतं. म्हटलं, म्हणजे सासू. खूप हसली पोरगी. पण खरंच बघ, आपल्या दोघींना सासूबाई होत्या. तुला आणि शिखाला वर कोणी नाही. तर तिसरी मी. मी माझं मत देते. चूल दोघींची.

चमचा पाठवते आहे. पोळ्यांच्या खालीच आहे, चिंचेने घासून दिलाय. सोबत शिखासाठी वेगळी चिठ्ठी आहे, ती तिलाच दे, आधी वाचू नको. तू वाचणारच, म्हणून इथेच लिहिते. "शिखा, मीठ पडलं की चमचा उलटा. पातेलं घासलं की सुलटा. सासूला तोंडाने सांगत जाऊ नको, तिला दाखवत जा. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, सुईत दोरा ती अजून एका दमात ओवते. तुझी भाजी चांगली असते. पण तिचा लसूण तुला ठेचता येत नाही, तो तिच्याकडून शिकून घे. मोठी आई." चांगली लिहिली आहे ना? "चांगली असते" हे पंचूने घालायला लावलं.

आणि हे वाचलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या स्वयंपाकघरात जा. कोणी बोलवायची वाट बघू नको. बरणी शोध, तिच्यावर चमचा ठेव, आणि खिडकीतला तुझा फोन उचल.

खोलीला कोणी हात लावणार नाही. पंचूच बापाला म्हणाली, "पप्पा, जोवर लहानी आजी स्वतः सांगत नाही की मी निघाले, तोवर तिची जागा घ्यायची नाही. मी पलंगावरच बरी." तर कुलूप आहे तसं आहे. पुढे कधी यावंसं वाटलं तर ये, आपल्या पायाने ये. रुसून येऊ नको.

ये लिहिलेला तो कागद अजून बरणीखालीच होता. काढून ठेवला, तर त्यावर आत्ता पंचूने चहाचा कप ठेवलाय. असू दे.

चमचा एकच होता, शेवंते. दोन घरांत ठेवता येत नाही.

तुझी जाऊ,
मंजुळा


परदेशीपुरा
ता. २१ मार्च, शुक्रवार

शेवंतास थोरलीचा जय भीम.

रिंग आली तेव्हा चहा उतू गेला. गॅसवर सगळा पसारा झाला, आणि पंचूची आई, आमची सूनबाई, शाळेच्या नोकरीवर जायच्या घाईत म्हणाली, "आई, हसताय काय?" मी हसत नव्हते. आता रोज येते आहे. परवा रंगपंचमीला जरा उशिरा आली. मला वाटलं गेरच्या मिरवणुकीत तूही नाचत गेलीस की काय.

गेल्या शनिवारचा डबा उघडला. वांग्याची भाजी होती. लसूण तुझा. टमाटर शिखाचं. कोथिंबीर वर सजवलेली, ती सोडणार नाही वाटतं. मीठ अगदी बरोबर. बुद्धरत्न म्हणाला, "काकूचा हात परत आला." मी म्हटलं, हो.

मग पोळ्या काढल्या तर खाली रुमालात बांधलेली किल्ली.

तू लिहिलंस, शिखा आता चमचा बघितल्याशिवाय बरणीला हात लावत नाही, नात खुशी तर उगाच चमचा उलटसुलट करून दोघींना फसवते आणि तू तिच्या मागे लाटणं घेऊन धावतेस. वाचून बरं वाटलं. लाटणं जपून वापर, माझंच दिलेलं आहे. आणि पुढे लिहिलंस, बाई, खोली पंचूला द्या, माझी इथली घडी बसली, पोरीची पाठ मोडू देऊ नका.

पंचूला दाखवलं. तिने किल्ली हातात घेतली. मग म्हणाली, "आजी, ही सगळ्यात चांगली रीत. जो स्वतः सांगून निघतो त्याला कापावं लागत नाही. आपल्या सगळ्या खुणा सोडवून जातो. मागे काही अडकून राहत नाही."

मी म्हटलं, हो का.

मागे काही अडकत नाही म्हणे. पोरगी हुशार आहे, पण अजून लहान आहे.

खोली रविवारी उघडली. वास तसाच होता, खोबरेल तेलाचा आणि तुझ्या त्या बामचा. कोपऱ्यात तुझी मिलची बॉबीन सापडली, तू दोरा गुंडाळायचीस ती. पंचूने ती उचलून टेबलावर ठेवली, पेनं घालायला नाही, नुसतीच. टेबल भिंतीकडे लावलं. मी म्हटलं, दाराकडे लाव, रस्ता दिसतो. खाट बुद्धरत्नाला काढायची होती. मी काढू दिली नाही. म्हटलं, पोर काम करून थकते, पडायला लागते. थकली की ती माझ्याच पलंगावर येऊन पडते, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

तिच्या मशीनांचं सगळं पार पडलं. दवाखान्याचं काम आता खरंच त्यांच्यावर चाललंय. मागच्या आठवड्यात एक मशीन रात्रीतून बंद पडलं, दुसऱ्याने उचललं, आणि सकाळी पेशंट आपले एक्स-रे घेऊन घरी गेले, कोणाला काही कळलं नाही. साहेबाने फोनवर शाबासकी दिली. ती आनंदात मला सांगत होती, "आजी, कोणाला कळलंच नाही की एक नाहीये!" मी म्हटलं, छान झालं.

माझ्याकडचं म्हणशील तर एकच नवीन आहे. बरणीवर आता स्टीलचा चमचा ठेवला आहे. स्वयंपाकाला मी एकटीच, माझ्या वरणात दुसरं कोणी मीठ टाकायला येत नाही, हे मला कळतं, मी काही वेडी झाले नाही. पण हाताला सवय आहे. मीठ टाकते, चमचा उलटा करते. पातेलं घासते, सुलटा करते.

काल वरणाला फोडणी दिली, मीठ घ्यायला वळले, तर चमचा उलटा. सकाळी पातेलं घासून सुलटा करायचा राहिला असेल, दुसरं काय. पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. डोक्यात आलं, शेवंताने टाकलं. आणि मी झाकण ठेवून निघून आले.

वरण अळणी झालं. बुद्धरत्नाने नावं ठेवली, सूनबाईने वरून मीठ घेतलं, पंचूने तसंच खाल्लं.

मी दोनदा वाढून घेतलं.

तुझी थोरली,
मंजुळा